सुरीला म्यान, हाताला अभय

या आठवड्यासाठी नागपूरच्या बेसा भागातून आलेलं एक पत्र निवडलं आहे. पत्र लिहिणाऱ्या भगिनी म्हणतात :

"आम्ही दहाजणींचा बचत गट आहे. पापड, कुरड्या, शेवया करतो. पण ते काम उन्हाळ्यापुरतंच. आता एका दुकानदाराने सुऱ्या, कात्र्या, विळे आणि पावश्या पॅक करून देण्याचं काम दिलं आहे. नगामागे ठरलेले पैसे मिळतात. तो म्हणतो, वर्तमानपत्रात गुंडाळा आणि पिशवीत घाला. पहिल्याच आठवड्यात आमच्यातल्या एकीच्या तळहाताला सुरी लागली, चार टाके पडले. दुकानात दोन पाकिटं टोकाने फाटली. घरची मंडळी म्हणतात, असलं काम सोडून द्या. पण पावसाळ्यात हाताला दुसरं काम नाही. प्रत्येक वस्तूचं माप निराळं. मग पॅकिंग कसं करायचं? ते स्वस्तही पडलं पाहिजे. काही सुचवाल का?"

पुण्या-मुंबईकडच्या मैत्रिणींसाठी सांगते, पावशी म्हणजे आपली विळी. विदर्भात तिला पावशी म्हणतात.

भगिनी, काम सोडू नका, पण वर्तमानपत्र मात्र आजच सोडा. पातळ कागद धारेला अडवत नाही, उलट धार कुठे आहे ते लपवतो. उघडी सुरी दिसते तरी; कागदातली दिसतही नाही. शिवाय तो कागद ओल धरतो, त्याने पोलादी पात्याला गंज चढतो आणि छपाईची शाई पात्याला लागते. त्याच पात्याने पुढे आपण कांदा-टोमॅटो चिरणार! खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधू नका, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही बजावलेलं आहे.

पाच हातांचा विचार

सुरीचं पाकीट कुणासाठी करायचं? आपल्याला वाटतं, गिऱ्हाइकासाठी. पण एक सुरी किती हातांतून जाते ते मोजून बघा. पहिला हात पॅक करणारीचा, म्हणजे तुमचा. दुसरा दुकानदाराचा, तिसरा गिऱ्हाइकाचा. चौथा हात घरातल्या लहान मुलाचा, कारण ड्रॉवर उघडायचा त्याला भारी नाद असतो. पाचवा हात कचरा गोळा करणाऱ्या बाईचा, कारण सुरी मोडली की आपण ती सरळ डब्यात टाकतो. या पाचही हातांना जपेल ते खरं पॅकिंग. दुकानातून घरी येताच फाडून फेकायचं असेल, तर ते निम्मंच काम करतं.

आपल्या आज्यांनी हे नियम घालूनच ठेवले होते. विळीवरून उठताना ती मिटवून किंवा आडवी करून उठायचं. सुरी कुणाच्या हातात द्यायची नाही. खाली ठेवायची, मग दुसरीने उचलायची. हातात दिली तर भांडण होतं, असं म्हणत. भांडणाचं सोडा, बोटं मात्र वाचत! जपानी लोक सुरीला लाकडाचं म्यान करतात, त्याला 'साया' म्हणतात. आपल्याकडे तलवारीला म्यान होतं, सुरीला मात्र कुणी दिलं नाही. ते आता आपण पुठ्ठ्याचं करू या.

म्यान कसं करायचं

साहित्य साधंच लागतं : मिठाईच्या खोक्याहून थोडा जाड पुठ्ठा, फेविकॉल, मोजपट्टी, पेन्सिल आणि सुती नाडी. मोठ्या सुरीसाठी मात्र बाइंडिंगवाले वह्यांना वापरतात तो करडा जाड पुठ्ठा घ्या.

पुठ्ठ्याचा आयत कापून उभा दुमडायचा. आता नीट लक्ष द्या, कारण बहुतेकजणी इथेच चुकतात. दुमडलेली कड सुरीच्या पाठीकडे यायला हवी, धारेकडे नाही. धार दुमडीवर आली, की चार वेळा आत-बाहेर केल्यावर ती घडी कापून बाहेर येते.

मग धारेकडची उघडी बाजू कशी बंद करायची? नुसती चिकटवली तर धार चिकटवलेल्या सांध्यात घुसते. म्हणून दोन पडद्यांच्या मध्ये, धारेच्या बाजूला, पुठ्ठ्याची एक अरुंद पट्टी तीन थरांची करून चिकटवायची. चामड्याचं म्यान शिवणारे कारागीरही अशीच मधली पट्टी घालतात. आता धार पट्टीला टेकते, सांधा शाबूत राहतो. टोकाकडेही अशीच पट्टी आडवी घालून तोंड बंद करा.

स्टेपलरच्या पिना शक्यतो नकोत. धार त्यांच्यावर घासून बोथट होते आणि वर आलेली पिन बोटाला लागते. कणकेची खळही नको; तिला झुरळं लागतात आणि ओल सुटते. फेविकॉल लावून म्यान रात्रभर वजनाखाली वाळू द्या. ओल्या म्यानात पातं घातलं, की सकाळी त्यावर तांबूस ठिपके दिसलेच म्हणून समजा.

मापांचा घोळ कसा मिटवायचा

तुमची खरी अडचण ही आहे. दहा मापांच्या सुऱ्यांना दहा म्यानं करायला गेलात, तर पुठ्ठा वाया जाईल आणि गर्दीच्या वेळी चुकीचं म्यान हाती येईल. सैल म्यानात सुरी सरकते, आणि सरकणारी सुरीच म्यान फाडते. म्हणून सगळ्या सुऱ्या आधी तीन ढिगांत वाटा : लहान, मधली, मोठी.

लहान म्हणजे फळं सोलायची सुरी. तिचं पातं साधारण ९ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद असतं. मधली म्हणजे भाजीची सुरी. पातं १३ लांब, अडीच रुंद. या दोघींच्या पुठ्ठ्याची रुंदी एकच ठेवा, ९ सेंटिमीटर. दुमडल्यावर साडेचार राहते. लहान सुरीसाठी आतली पट्टी २ सेंटिमीटरची घाला, मधलीसाठी दीडची. दोन्हींत पात्याला फक्त अर्धा सेंटिमीटर मोकळीक उरते. म्हणजे बाहेरचं माप तेच, बदलते ती आतली पट्टी. लांबी मात्र पात्याहून २ सेंटिमीटर जास्त हवी : लहानीला ११, मधलीला १५. एकाच रुंदीच्या लांब पट्ट्या आधी कापून ठेवल्या, की त्यातून दोन्ही मापं निघतात आणि कातरण उरत नाही.

मोठी सुरी, पातं २० लांब आणि साडेचार रुंद. हिला पुठ्ठा १४ रुंद आणि साडेबावीस लांब घ्या, धारेकडची पट्टी २ सेंटिमीटरची. टोकाकडे अडीच सेंटिमीटर जास्त ठेवले आहेत, कारण ही सुरी जड असते. पडली की तिचा सगळा भार एका टोकावर येतो. करडा पुठ्ठा दुमडताना तडकतो. तेव्हा त्याचे दोन तुकडे करा आणि पाठीकडे कापडी पट्टीने जोडा, आपण जुन्या रजिस्टरचा कणा जोडतो तसे.

तुमच्या मालाची मापं थोडी निराळी असतील. सूत्र लक्षात ठेवा : पात्याची रुंदी, अधिक आतली पट्टी, अधिक अर्धा सेंटिमीटर, आणि त्याची दुप्पट. झाली पुठ्ठ्याची रुंदी.

टोक म्यानाच्या तळाला टेकू नये, यासाठी आणखी एक युक्ती आहे. म्यानाच्या तोंडाशी दोन भोकं पाडून सुती नाडी ओवा आणि ती मुठीला दोन वेढे देऊन सुरगाठीने बांधा. सुरी मुठीकडून धरलेली राहिली, की टोक अधांतरी राहतं. सेलोटेपवर मात्र भरवसा ठेवू नका. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगायचा! पारा पंचेचाळीसच्या वर गेला, की टेपचा डिंक पाघळतो आणि पट्टी आपोआप सुटते.

कात्री, विळा आणि पावशी

कात्री नेहमी मिटवून पॅक करावी. दोन्ही कड्या नाडीने एकत्र बांधल्या, की ती उघडत नाही. टोकांना पुठ्ठ्याची लहानशी टोपी पुरते.

विळ्याला पुठ्ठा वळत नाही. त्याच्यासाठी पाण्याची रबरी नळी मीटरवर मिळते, ती आणा. विळ्याच्या धारेएवढा तुकडा कापा, एका बाजूने उभा चिरा आणि धारेवर बसवा. नळी बाकाबरोबर वळते. दोन ठिकाणी नाडी बांधली की झालं. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या कापणीला दातेरी विळे लागतात. त्यांच्या दातांत कागद नि कापड अडकतं, नळी अडकत नाही.

पावशी मिटणारी असेल तर मिटवून, पातं पाटाला घट्ट बांधून द्या. पण नुसतं मिटवून भागत नाही. खोबरं खवायचे दात बाहेर राहतात आणि पिशवीतून पहिला ओरखडा त्यांचाच बसतो. त्या दातांवर जाड पुठ्ठ्याचं टोपण घालून ते पाटाला बांधा. न मिटणाऱ्या पावशीला विळ्यासारखीच नळी, आणि वर नालीदार पुठ्ठ्याचं खोकं.

पोलादी वस्तूंना पॅक करण्याआधी कोरड्या फडक्याने पुसून खाण्याच्या तेलाचा अगदी पुसट हात द्यावा. पावसाळ्यात हे विसरू नका. खाण्याचं तेल दोन-तीन महिन्यांत चिकट होतं, म्हणून माल फार दिवस साठवू नये. स्टेनलेस स्टीलला तेलाची गरज नाही.

पॅक करणारीचा हात

तुमच्या मैत्रिणीचा हात कसा कापला असेल, याचा अंदाज येतो. एका हातात सुरी, दुसऱ्यात कागद, आणि डोळे तिसरीकडे. म्यान हातात धरून त्यात सुरी खुपसायची नाही. सुताराकडून एक जड लाकडी ठोकळा करून घ्या, त्यात म्यान उभं राहील एवढी खाच हवी. म्यान ठोकळ्यात उभं करायचं आणि सुरी मुठीला धरून वरून आत सोडायची. दुसरा हात मधे येतच नाही. तीन मापांना तीन खाचा, एकाच ठोकळ्यात.

आणखी काही नियम गटाने ठरवून टाका. उघडी सुरी मांडीवर घ्यायची नाही. सगळ्या मुठी एकाच दिशेला ठेवायच्या. सुरी निसटली तर झेलायला जायचं नाही, पाय मागे घ्यायचे. काम चालू असताना लहान मुलं त्या खोलीत नकोत. आणि आधी म्यान, मग बाकी सगळं; लेबल लावणं, मोजणं, खोक्यात भरणं हे म्यान चढल्यावरच.

इतकं करूनही लागलंच, तर वाहत्या पाण्याखाली जखम धुवा, स्वच्छ फडक्याने दहा मिनिटं घट्ट दाबून धरा आणि हात उंच ठेवा. मधे मधे उघडून पाहू नका. हळद, चुना, चहापत्ती काही भरू नका. जखम खोल असेल, रक्त थांबत नसेल किंवा बोट हलत नसेल, तर लगेच डॉक्टरांकडे जा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

ओट्यावरची परीक्षा

मुंबईला भारतीय पॅकेजिंग संस्था आहे, १९६६ साली स्थापन झालेली. अशा संस्थांच्या प्रयोगशाळांत पाकिटं ठरावीक उंचीवरून पाडून पाहतात. तीच परीक्षा तुम्ही घरी घ्या. तयार पाकीट एका पातळ कागदात गुंडाळा आणि ओट्याच्या उंचीवरून फरशीवर पाच वेळा पाडा : टोकावर, मुठीवर, धारेच्या बाजूवर आणि दोन्ही सपाट बाजूंवर. मग कागद उजेडाला धरा. टाचणीएवढं भोक दिसलं तरी म्यान नापास. बोट लावून तपासायचं नाही! हालवून पाहा, खडखड आवाज आला तर म्यान सैल आहे. एक पाकीट दुपारी गच्चीवर उन्हात ठेवा, एक न्हाणीघरात दोन दिवस टांगा. एकातून डिंक कळेल, दुसऱ्यातून गंज.

गिऱ्हाइकाला काय हवं

गिऱ्हाइकाला पातं पाहायचं असतं आणि मूठ हातात धरून बघायची असते. म्हणून मूठ मोकळीच ठेवा. पातं दिसावं म्हणून म्यानाच्या सपाट बाजूला, धारेपासून दूर, रुपयाएवढी खिडकी कापा. वरच्या कोपऱ्यात खुंटीला अडकवण्यासाठी भोक ठेवा, टोक खाली येईल असं. पण ते भोक पुठ्ठ्याच्या दुहेरी भागात हवं, नाहीतर वजनाने फाटतं.

दुकानदार कदाचित म्हणेल, कडक प्लॅस्टिकचं चकचकीत पाकीट करा. दिसतं छान, पण ते उघडायला दुसरी सुरी लागते! परदेशात असली पाकिटं उघडताना हात कापल्याच्या तक्रारी फार वाढल्या होत्या. शेवटी अमेझॉनसारख्या मोठ्या कंपनीनेही २००८ साली सहज उघडणाऱ्या पाकिटांची वेगळी योजना काढली. आपली सुरगाठ एका ओढीत सुटते, आणि म्यान घरात पुन्हा कामाला येतं.

पाकिटावर छापायच्या गोष्टी कायद्याने ठरलेल्या आहेत. २०११ च्या वैधमापन नियमांप्रमाणे वस्तूचं नाव, नगांची संख्या, उत्पादकाचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना आणि वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क द्यावा लागतो. पॅक करणाऱ्याला वैधमापन शास्त्र खात्याकडे नोंदणीही करावी लागते. तेव्हा पाकिटावर नाव कुणाचं जाणार, दुकानदाराचं की गटाचं, हे आधी लेखी ठरवा. पुढे गटाच्या नावाने प्रदर्शनात विकायचं मनात असेल, तर महिला आर्थिक विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा. १९७५ पासून हे महामंडळ महिलांसाठी काम करतं.

आणि दोन ओळी आपल्या पदरच्या छापा : "वापरून, धुऊन, कोरडी करून पुन्हा यातच ठेवा. टाकायची झाली तरी यातच घालून टाका." ओली सुरी म्यानात घातली तर पुठ्ठाही जातो आणि पातंही, म्हणून 'कोरडी करून' हे शब्द गाळू नका.

पैशाचं बोलणं

दुकानदाराकडे जाताना दोन पाकिटं घेऊन जा : एक वर्तमानपत्राचं, एक तुमचं. दोन्ही त्याच्यासमोर पाडून दाखवा. दुसरं बोलावं लागणार नाही. बारा नगांना पुठ्ठा किती, फेविकॉल किती, नाडी किती आणि वेळ किती, हे वहीत लिहून घ्या. त्याला बारा भागा, म्हणजे एका नगाचा खर्च कळेल. ठोकळा आणि हातमोजे यांचे पैसे मजुरीत धरू नका, वेगळे मागा. फाटलेलं पाकीट आणि गंजलेलं पातं यात त्याचंही नुकसान असतं, हे त्याला सांगा. तरीही तो वर्तमानपत्रावरच अडून बसला, तर त्याचं काम सोडा आणि दुसरं गिऱ्हाईक शोधा. सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारापासून इतवारीपर्यंत दुकानं थोडी नाहीत.

ज्यांना विक्रीशी कर्तव्य नाही, त्या मैत्रिणींनीही या रविवारी आपल्या स्वयंपाकघरातल्या सुऱ्या मोजाव्यात आणि प्रत्येकीला एक म्यान करावं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपण सुरी-विळीला हळदकुंकू वाहतो. त्या दिवशी जुनी म्यानं बदलायची असं ठरवून टाका. दाढीची जुनी पाती झाकणाला फट पाडलेल्या पत्र्याच्या डबीत साठवा, भरली की चिकटपट्टीने बंद करा. फुटलेली काच, मोडकी सुरी जाड पुठ्ठ्यात बांधून, वर ठळक अक्षरांत 'जपून, धार आहे' असं लिहून, कचरा नेणाऱ्या बाईच्या हातात वेगळी द्या. तिच्याकडे आपल्यासारखा ओटा नसतो, की आधी पिशवी उघडून बघावी. ती सरळ हात घालते.

बेसाच्या भगिनींनी आपल्या मैत्रिणीचे टाके सुटल्यावर पहिलं म्यान तिच्याच हातून करून घ्यावं, आणि ठोकळ्याचा उपयोग कसा झाला ते जरूर कळवावं.